मोत्याची पारख आणि त्याचे मोल

शेततळ्यात मोत्यांची पैदास करावी काय, असा प्रश्न अलीकडे अनेक शेतकरी बंधू विचारीत असतात. शिंपले कोठून आणावेत, त्यांवर शस्त्रक्रिया कशी करतात, ते पाण्यात किती खोलीवर टांगावेत, ह्याविषयी त्यांना थोडीफार माहिती असते. परंतु हाती आलेला मोती चांगला की हलका हे कसे ओळखावे, आणि बाजारात त्याचे मोल कोणत्या कसोटीवर ठरते, हे विचारणारा शेतकरी क्वचितच भेटतो. कापूस पिकविणाऱ्यास धाग्याची लांबी कळते, ज्वारी पिकविणाऱ्यास दाण्याचा टपोरेपणा व रंग कळतो, गुऱ्हाळवाल्यास गुळाचा रवा कळतो. मोत्याच्या बाबतीत मात्र माल एकाने पिकवावयाचा आणि त्याचा दर्जा दुसऱ्याने सांगावयाचा, असा प्रकार आहे. ज्याला मालाचा दर्जा कळत नाही त्याला भाव बोलता येत नाही, आणि ह्या धंद्यात कित्येकांची फसगत झाली आहे ती नेमकी येथेच.

काही वर्षांपूर्वी अवर्षणग्रस्त भागातील एक शेतकरी आपल्या तळ्यातील मोती एका डबीत घेऊन आमच्याकडे आले होते. ज्यांनी त्यांना शिंपले विकले होते, त्यांनी सर्व मोती ठरलेल्या दराने परत घेण्याचे लेखी कबूल केले होते. प्रत्यक्ष काढणीच्या वेळी मात्र त्या मंडळींचे दुकान बंद झालेले होते. तेव्हा आम्ही त्यांना एका जुन्या जव्हेऱ्याकडे घेऊन गेलो. त्या गृहस्थांनी डबी उजेडात, पांढऱ्या कापडावर रिकामी केली. फूटपट्टी नाही, काटा नाही. बोटाने मोती इकडे तिकडे सारीत त्यांनी पाचएक मिनिटांत चार ढीग केले. सर्वांत मोठा ढीग एका बाजूस सारून त्यांनी विचारले, "पाटील, हे किती महिन्यांनी काढलेत?" शेतकऱ्याने सांगितले, "आठ." जव्हेरी म्हणाले, "मग ह्यात मोती कमी आणि मणीच जास्त आहे." तो ढीग त्यांनी घेतला नाही.

ते ढीग कसे पडले, हे समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

मोती कसा घडतो

शिंपल्याच्या अंगावर प्रावार नावाचे एक पातळ आवरण असते. शिंपल्याच्या आतल्या बाजूस जो चकाकता थर आपण पाहतो, तो ह्याच प्रावारातील पेशी तयार करतात. त्यास ह्या लेखात मुक्तास्तर म्हणू. हा थर चुन्याच्या एका रूपाचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्याच्या चपट्या, अतिसूक्ष्म वड्या एकावर एक रचल्या जातात व त्यांच्या सांध्यांत प्रथिनांसारख्या सेंद्रिय पदार्थाचा लुकण भरलेला असतो. एका वडीची जाडी साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. तेव्हा एक मिलिमीटर जाडीच्या थरात असे सुमारे दोन हजार किंवा त्याहून अधिक पापुद्रे बसतात. प्रावारातील पेशी शिंपल्याच्या शरीरात अडकून पडल्या आणि त्यांची पिशवी तयार झाली, की त्या पिशवीत हेच पापुद्रे कांद्याप्रमाणे एकावर एक चढू लागतात. निसर्गात हे आपोआप घडले तर तो नैसर्गिक मोती. मनुष्याने मणी किंवा प्रावाराचा तुकडा आत बसवून घडविला तर तो संवर्धित मोती. दोहोंतही मुक्तास्तर खराच असतो. संवर्धित मोत्यास खोटा मोती म्हणणे चुकीचे आहे. मात्र सिबजो ह्या जव्हेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार नुसता "मोती" हा शब्द नैसर्गिक मोत्यासाठीच राखून ठेवलेला असून, इतर मोत्यांना "संवर्धित" असे स्पष्ट म्हणावयास हवे. विक्रीच्या चिठ्ठीवर हा शब्द लिहिण्यास आपण कचरू नये.

मोत्याचे पाणी

मोत्याचा पहिला गुण म्हणजे त्याचे पाणी, अर्थात त्याचे तेज. आपल्या भाषेत हा शब्द फार जुना व अचूक आहे. पाणीदार मोती म्हणजे ज्याच्या अंगात खोलवर तेज खेळते असा मोती. नुसती वरवरची चकाकी काचेच्या मण्यासही असते.

हे तेज कोठून येते, हे गवंड्याच्या उदाहरणाने ध्यानात येईल. जुन्या वाड्यांत चुन्याचा गिलावा पातळ पातळ हातांनी देऊन प्रत्येक हात घोटून काढीत. अशा भिंतीत आरशासारखे प्रतिबिंब दिसे. तोच चुना एकाच जाड हाताने थापला तर भिंत खरबरीत व मंद राहते. मोत्याचेही असेच आहे. पापुद्रे पातळ, सारख्या जाडीचे व घट्ट बसलेले असले, म्हणजे पृष्ठभागावरून आणि आतील थरांवरून परतणारा प्रकाश एकत्र येऊन तेज व इंद्रधनुष्यासारखी रंगांची झाक उत्पन्न होते. पापुद्रे घाईने, कमीजास्त जाडीचे चढले, तर मोती खडूसारखा पांढरा दिसतो.

पाणी पाहण्याची रीत सोपी आहे, पण ती नेमाने पाळावी. सकाळच्या वेळी, ऊन थेट येणार नाही अशा उत्तरेकडील खिडकीपाशी बसावे. पांढरे किंवा फिकट राखी रंगाचे, चकाकी नसलेले कापड अंथरावे. मोती त्यावर ठेवून त्यात खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब पाहावे. गजांच्या कडा स्पष्ट, रेखीव दिसल्या तर पाणी उत्तम समजावे. गज दिसतात पण त्यांच्या कडा पुसट आहेत, तर मध्यम. नुसता पांढरट धब्बा दिसतो आणि मोत्याची उजळ बाजू व सावलीची बाजू ह्यांत फारसा फरक नाही, तर पाणी हलके. भडक विजेच्या दिव्याखाली मोती पाहू नये. त्या प्रकाशात हलका मालही खुलून दिसतो, आणि दुकानांतून तसे दिवे लावलेले असतात ते उगाच नव्हे. शक्य असल्यास चांगल्या पाण्याचे चारदोन मोती नमुना म्हणून जवळ बाळगावेत व दर वेळी त्यांच्याशी ताडून पाहावे. डोळ्याची आठवण फसवी असते. नमुना फसवीत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, पाणी हे काढणीच्या वेळेवरही अवलंबून असते. जपानात समुद्री मोत्यांची काढणी थंडीच्या महिन्यांत करतात. थंड पाण्यात शिंपल्याचे काम मंदावते, शेवटचे पापुद्रे पातळ व नेटके चढतात आणि मोत्याच्या अंगावर तेज येते. आपल्याकडेही ऐन उन्हाळ्यात, पाणी तापलेले व आटलेले असताना घाईने काढणी करण्यापेक्षा हिवाळ्याच्या अखेरीची वाट पाहणे हिताचे.

थराची जाडी

वर सांगितलेल्या जव्हेऱ्यांनी जो ढीग बाजूस सारला, तो ह्या कसोटीवर. ज्या मोत्यात मणी घातलेला असतो, त्याचे आकारमान बव्हंशी त्या मण्याचेच असते. समजा, ६ मिलिमीटरचा मणी बसविला आणि त्यावर सर्व बाजूंनी पाव मिलिमीटर थर चढला. मोती ६.५ मिलिमीटरचा दिसेल. परंतु घनफळाचा हिशेब केला तर त्यातील मुक्तास्तर जेमतेम एक पंचमांश भरतो. बाकी चार हिस्से मणीच. असा मोती आज बरा दिसला, तरी वापरात थर झिजतो, वेजाच्या तोंडाशी त्याचे टवके उडतात आणि आतील मणी उघडा पडतो. म्हणून जाणता घेणारा जाडी पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. ताहिती बेटांतील काळ्या मोत्यांच्या निर्यातीसाठी तर तेथील सरकारने अनेक वर्षे किमान ०.८ मिलिमीटर थराची अट घातलेली होती.

जाडी ओळखण्याच्या तीन रीती आहेत. वेज पाडलेला मोती असेल तर दसपट भिंगातून वेजाच्या तोंडात पाहावे; मणी व थर ह्यांच्यामधील रेघ बहुधा दिसते. वेज नसेल तर अंधाऱ्या खोलीत बारीक, तीव्र विजेरीवर मोती धरून सावकाश फिरवावा. थर पातळ असल्यास आतील शिंपल्याच्या मण्याचे पट्टे आलटून पालटून उजळ व काळसर दिसतात. तिसरी रीत खात्रीची, पण खर्चाची: दोनतीन मोती मधोमध कापून पाहणे. पुष्कळांना मोती कापावयाचा म्हटले की जिवावर येते. परंतु हजार मोत्यांतील तीन मोती कापून उरलेल्यांचे भवितव्य कळत असेल, तर तो खर्च वाया गेला असे समजू नये.

आठ महिने की अठरा महिने, हा प्रश्न येथेच सुटतो. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंग येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९८७ पासून ह्या विषयावर काम केले आहे. आपल्या नद्यातलावांत आढळणाऱ्या लॅमेलिडेन्स जातीच्या शिंपल्यांसाठी तिने सांगितलेल्या पद्धतीत संवर्धनाचा काळ साधारण १२ ते १८ महिने धरलेला आहे. ह्याच्या आत काढणी करण्याचा सल्ला जो देतो, त्याला पुढील शिंपले विकण्याची घाई झालेली असते, असे समजण्यास हरकत नाही.

अंग व घाट

मोत्याच्या अंगावरील खळगे, पुटकुळ्या, ओरखडे, वळ्या, मंद डाग हे सर्व दोष होत. मोती बोटांत फिरवून सर्व बाजू पाहाव्यात व मग भिंग लावावे. भिंगाने सुरुवात केल्यास प्रत्येक मोती सदोष वाटू लागतो. एखादाच दोष असेल आणि तो अशा ठिकाणी असेल की तेथेच वेज पाडता येईल, तर मोत्याचे मोल फारसे घटत नाही. चांगला वेजारी मोती हातात घेऊन प्रथम दोषच शोधतो. ह्याउलट, कुशल हात नसताना घरी वेज पाडण्याचा प्रयत्न केल्यास चांगला मोतीही वाया जातो. म्हणून मोती बिनवेजाचाच विकावा.

घाटात पूर्ण गोल मोती सर्वांत मौल्यवान. काचेची पाटी किंचित कलती धरून तीवर मोती सोडावा. जो सरळ रेषेत उतरतो तो गोल, जो वाकडातिकडा जातो तो नाही. त्याखालोखाल जवळजवळ गोल, मग लंबगोल, एका बाजूने चपटा गुंडीसारखा, थेंबासारखा, आणि शेवटी वेडावाकडा. थेंबाच्या आकाराचा मोती जुळ्याने मिळाला तर कानातल्यांसाठी चांगला भाव देतो. वेडेवाकडे मोती वजनावर जातात. तरी त्यांत विशेष पाणी असेल तर कारागीर ते हौसेने उचलतात, हे ध्यानात ठेवून असे नग निराळे काढावेत.

ह्या कसोट्या आजच्या नव्हेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात घ्यावयाच्या रत्नांची परीक्षा सांगितली आहे. तेथे मोती मोठा, गोल, चपटेपणा नसलेला, तेजस्वी, पांढरा, जड, गुळगुळीत आणि योग्य ठिकाणी वेज पाडलेला असावा असे म्हटले असून मसुरीसारखा, कासवाच्या पाठीसारखा, अर्धचंद्रासारखा, जोडलेला, खरबरीत, काळपट, वाईट वेजाचा असे मोती हलके मानले आहेत. आज अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ही प्रख्यात संस्था आकारमान, घाट, रंग, तेज, अंग, थराचा दर्जा आणि जुळणी ह्या सात गोष्टींवर मोती तपासते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर थराचा दर्जा ही एक बाब सोडता जुन्या यादीत फारसे काही उणे आढळत नाही. आणि ती बाब त्या काळी नव्हती, कारण मणी घालून मोती घडविण्याची विद्याच त्या वेळी आपल्याकडे नव्हती.

वजन आणि चव

धान्याचा भाव वजनाच्या सरळ प्रमाणात असतो. दोन पोती विकली तर दुप्पट पैसे. नैसर्गिक मोत्याचे तसे नाही. इराणच्या आखातातील मोती शतकानुशतके मुंबईच्या बाजारात येत, तेथे त्यांची निवड होई, वेज पडत व मग ते जगभर जात. त्या बाजारात "चव" नावाचे एक माप चाले. हे माप वजनाचे नव्हे, मोलाचे. ते काढताना लडीतील मोत्यांच्या एकूण वजनाचा वर्ग करून त्यास मोत्यांच्या संख्येने भागीत आणि येणाऱ्या आकड्यास एका ठराविक अपूर्णांकाने गुणीत. त्या अपूर्णांकाची खटपट आपण येथे सोडून देऊ, तत्त्व पाहू. प्रत्येकी एक रतीचे चार मोती असतील तर एकूण वजन ४, वर्ग १६, भागिले ४, म्हणजे ४. चार रतीचा एकच मोती असेल तर वजन तेच ४, वर्ग तोच १६, पण भागाकार १ ने, म्हणजे १६. वजन सारखे, दर्जा सारखा, परंतु मोल चौपट. मोठा निर्दोष मोती दुर्मिळ असतो, हीच गोष्ट जुन्या व्यापाऱ्यांनी हिशेबात बसविली होती. मूळ दर मात्र पाणी, रंग व घाट पाहूनच बोलला जाई. चवीचा आकडा कितीही मोठा आला तरी खडूसारख्या मोत्यास दर मिळत नसे.

संवर्धित मोती आज मिलिमीटरवर मोजतात. गोल मोत्याचा सर्वांत कमी व्यास धरतात व अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने प्रती पाडतात. घाऊक विक्री पुष्कळदा वजनावर होते. त्यासाठी जपानी "मोम्मे" हे ३.७५ ग्रॅमचे माप वापरतात. ग्रेन हे नैसर्गिक मोत्यांचे माप ५० मिलिग्रॅमचे असते. व्यापाऱ्याच्या तोंडी हे शब्द आले तर शेतकऱ्याने गोंधळून न जाता वजन ग्रॅममध्ये मागावे.

रंग

रंगाविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे, कारण त्याचे मोल देशादेशांनुसार व लाटेनुसार बदलते. अंगचा रंग, त्यावर तरंगणारी गुलाबी किंवा हिरवट झाक आणि इंद्रधनुषी खेळ ह्या तीन गोष्टी निरनिराळ्या पाहाव्यात. गोड्या पाण्यातील मोती पांढरे, सायीच्या रंगाचे, गुलाबी, नारिंगी व जांभळट निघतात. प्रावाराचा तुकडा ज्या शिंपल्यातून घेतला, त्याच्या मुक्तास्तराचा रंग मोत्यात बव्हंशी उतरतो. म्हणून तुकड्यासाठी शिंपला निवडताना त्याचे आतले अंग पाहून निवडावा. भडक एकरंगी मोती दिसल्यास तो रंगविलेला असण्याचा संभव असतो. वेजाच्या तोंडाशी व बारीक चिरांत रंग दाट साचलेला दिसला, की संशय खरा समजावा.

जुळणी

एकेकटा मोती आणि जुळलेली लड ह्यांच्या मोलात मोठे अंतर असते. पाणी, रंग, घाट व आकारमान ह्या सर्वांत एकमेकांस साजेसे मोती जमविणे हे वर्षानुवर्षांचे काम. बडोद्याच्या गायकवाडांच्या जवाहिरखान्यात मोत्यांचा सात पदरी प्रसिद्ध हार होता. त्या हारातील ६८ नैसर्गिक मोत्यांचा दोन पदरी हार २००७ साली न्यूयॉर्क येथे लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरांस गेला. सुटे मोती म्हणून ह्या किमतीची कल्पनाही करता येणार नाही. आपल्या शेततळ्याच्या प्रमाणावर ह्याचा अर्थ इतकाच की, पाचपन्नास मोत्यांत जुळणी साधत नाही. एका भागातील शेतकऱ्यांनी आपला माल एकत्र करून, एकाच नमुन्याशी ताडून निवडला, तर प्रत्येकाच्या सुट्या मोत्यांना जोडीचे भाव मिळू शकतात.

खरा, संवर्धित आणि नकली

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या मण्यावर माशाच्या खवल्यांपासून काढलेल्या चमकदार द्रव्याचा लेप देऊन नकली मोती करतात. दोन मोती एकमेकांवर हळूच घासले असता खऱ्या थराचे मोती किंचित खरबरीत लागतात, नकली गुळगुळीत घसरतात. नकली मोत्याच्या वेजाशी लेपाची साल निघालेली भिंगातून दिसते. परंतु ह्या परीक्षेने नैसर्गिक व संवर्धित मोती निराळे करता येत नाहीत, कारण दोहोंचा पृष्ठभाग एकच. त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी आतील रचना पाहावी लागते.

ही गोष्ट शेतीपेक्षा घरासाठी अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडे अनेक घरांत आजीपणजीच्या नथीत, तन्मणीत, कुड्यांत बसरा मोती आहेत. ते रंगाने किंचित पिवळसर व आकाराने लहानमोठे असतात, आणि आजच्या शुभ्र गोल मोत्यांशेजारी जुनाट दिसतात. दारावर आलेल्या फेरीवाल्याने "जुने मोती द्या, नवे पांढरे घ्या" असे म्हटले, तर तपासणी झाल्याशिवाय ते मुळीच देऊ नयेत.

मोल का घसरते

दर्जा मोत्यात असतो, पण मोल बाजारात ठरते. १९१७ साली न्यूयॉर्कमधील एक इमारत कार्तिए ह्या जव्हेऱ्यांनी दहा लाख डॉलर किमतीचा नैसर्गिक मोत्यांचा दोन पदरी हार देऊन घेतली. १९५७ साली तोच हार लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास गेला. मोत्यांचे पाणी उतरले नव्हते. मधल्या काळात जपानातील कोकिची मिकिमोतो प्रभृतींच्या प्रयत्नांनी संवर्धित मोती मुबलक झाले होते व १९३० च्या सुमारास जगभर मंदीही आली होती. त्या तडाख्यात आखातातील पाणबुड्यांचा व मुंबईच्या मोतीबाजाराचा धंदा बसला. खुद्द मिकिमोतो ह्यांना हलक्या मालाची भीती इतकी होती की, १९३२ साली त्यांनी कोबे येथे हलक्या मोत्यांचा मोठा साठा सर्वांसमक्ष जाळून टाकला.

आज आपल्या शेतकऱ्यापुढे जो प्रतिस्पर्धी आहे तो चीन. तेथे, विशेषतः झेजियांग प्रांतातील झूजी ह्या भागात, हिरिऑप्सिस जातीच्या मोठ्या शिंपल्यात प्रावाराचे तुकडे पेरून एकाच शिंपल्यातून डझनांनी मोती काढतात. आपल्या लॅमेलिडेन्समध्ये साधारणतः दोन नग बसवितात. हैदराबाद हे मोत्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध असले, तरी तेथील दुकानांतील बराचसा माल चीनमधूनच आलेला असतो. तेव्हा साधा, मध्यम पाण्याचा मोती काढून ह्या मालाशी भावात टक्कर देता येणार नाही, हे आधीच समजून घ्यावे.

म्हणूनच आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अर्धगोल किंवा देवदेवतांच्या आकृतींचे नक्षीदार मोती काढले जातात. प्रावार व शिंपला ह्यांमधील पोकळीत साचा बसविला, की त्यावर थर चढून तो शिंपल्यालाच चिकटतो; नंतर तो कापून काढतात. ही युक्ती चिनी लोकांनी कित्येक शतकांपूर्वी बुद्धमूर्ती बसवून साधली होती. ह्या मोत्यास गोल मोत्याच्या कसोट्या तशाच्या तशा लागू पडत नाहीत. आकृतीच्या रेघा थर चढूनही स्पष्ट आहेत काय, नाकडोळे बुजले तर नाहीत ना, थर सर्वत्र पोहोचला आहे की एखाद्या कोपऱ्यात साच्याचा पदार्थ उघडा आहे, आणि पाणी कसे आहे, हे पाहावयाचे असते. येथे एक पेच आहे: थर जाड व्हावा तर रेघा बुजतात, रेघा राखाव्यात तर थर पातळ राहतो. साचा निवडतानाच रेघा ठळक, खोल कोरलेल्या घ्याव्यात, हा त्यावर उपाय. अशा मोत्यांना ठरलेली बाजारपेठ नाही. ते भेटवस्तूंच्या व दागिन्यांच्या कारागिरांकडे जातात, आणि गिऱ्हाईक आधी पाहून ठेवल्याशिवाय खपत नाहीत.

हिशेब व करार

विक्रेते जो हिशेब दाखवितात, त्यात शिंपल्यांची संख्या गुणिले दोन, गुणिले उत्तम मोत्याचा भाव, असा गुणाकार असतो. तो कागदावरच खरा ठरतो. उदाहरणादाखल समजा, १,००० शिंपले सोडले. त्यांतील ४०० दगावले, उरले ६००. प्रत्येकी दोन नग, म्हणजे १,२००. काहींनी मणी बाहेर टाकला, काहींवर थर अर्धवट चढला; समजा अर्धे बाद झाले. राहिले ६००. ह्यांतील दहांत एक उत्तम निघाला तर ६० नग पहिल्या प्रतीचे. हे आकडे आम्ही केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या व शेजाऱ्यांच्या अनुभवाचे आकडे घालावेत. पण पहिल्या प्रतीचा भाव २,००० नगांस लावावयाचा की ६० नगांस, हा प्रश्न शिंपले विकत घेण्यापूर्वी विचारलाच पाहिजे.

परत खरेदीचा करार पुढे आला तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो शेतकऱ्यासमवेत बसून वाचावा. त्यात दर मोठ्या अक्षरांत असतो. दर्जा कोण ठरविणार, कोणत्या नमुन्यावरून, आणि नाकारलेला माल कोणाच्या ताब्यात राहणार, हे बहुधा कोठेच नसते. "ए", "डबल ए", "ट्रिपल ए" अशा प्रती लिहिलेल्या असल्या तरी समाधान मानू नये, कारण ह्या अक्षरांचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. प्रत्येक दुकानदार ती आपापल्या मर्जीने लावतो. त्याऐवजी किमान थर किती, व्यास किती, डाग किती चालतील हे शब्दांत लिहून घ्यावे आणि दोन्ही पक्षांच्या सहीची, मोहोर लावलेली नमुन्याची डबी शेतकऱ्याकडे ठेवावी.

काढणीनंतर

शिंपल्यातून निघालेल्या मोत्यावर चिकट बुळबुळ असते. ती स्वच्छ पाण्याने धुवावी, मऊ कापडात बारीक मीठ व पाणी घेऊन हलक्या हाताने चोळावे व पुन्हा धुवून सावलीत कोरडे करावे. लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल मोत्यास लावू नये. मोती चुन्याचा असल्याने आम्लाने त्याचे पाणी तत्काळ जाते. तेज येण्यासाठी म्हणून विकली जाणारी रसायनेही लावू नयेत. मोत्याचे अंग मऊ असते, सोन्याचांदीच्या किंवा खड्यांच्या दागिन्यांबरोबर एकाच डबीत ठेवल्यास त्यावर ओरखडे पडतात. प्रत्येक प्रतीची पुडी निराळी करून तीवर शस्त्रक्रियेची तारीख, काढणीची तारीख, मणी किती मिलिमीटरचा होता व नग किती, हे लिहावे.

आणि सर्व शिंपले एकाच दिवशी उघडू नयेत. बारा महिने भरले, म्हणजे निरनिराळ्या जाळ्यांतून मिळून दहा शिंपले काढावेत. निघालेले मोती खिडकीशी नेऊन त्यांचे पाणी पाहावे, दोन मोती कापून भिंगाखाली थर मोजावा. थर पातळ आढळल्यास उरलेले शिंपले पुन्हा तळ्यात टांगावेत आणि दोनतीन महिन्यांनी, पाणी थंड असताना, आणखी दहा काढून पाहावेत.